फ्रान्समध्ये राहताना तिथलं साधं, रोजचं जेवण कसं जमवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे काही महिने फ्रान्सला जाणाऱ्यांचे जेवणाचे हाल बहुधा एकाच कारणाने होतात. एका बाजूला भारतीय दुकानातून आणलेले महागडे डाळ-तांदूळ, दुसऱ्या बाजूला त्याहून महाग हॉटेल, आणि मधलं सगळं अनोळखी. पण फ्रेंच घरांतलं रोजचं जेवण त्या मधल्या जागेतच आहे: पाव, सूप, मसूर, मोसमी भाज्या, दही, चीज. ते खिशाला परवडतं आणि थोडी चौकशी करायची सवय लावली तर शाकाहारी माणसालाही पुरून उरतं.

सुरुवात कुठून करावी?

घराजवळच्या बुलांजरीपासून, म्हणजे पावाच्या दुकानापासून. ही पाटी कुणालाही लावता येत नाही. १९९८ च्या कायद्याप्रमाणे पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंतचं काम त्याच जागी होत असेल आणि पीठ कुठल्याही टप्प्यावर गोठवलेलं नसेल, तरच दुकानाला बुलांजरी म्हणता येतं. नुसतं बाहेरून मळून आलेलं पीठ भाजून विकणाऱ्या दुकानांच्या पाटीवर हा शब्द नसतो.

आत गेल्यावर आधी ‘बोंजूर’, मग मागणी. बोंजूर न म्हणता थेट बोट दाखवून मागणं तिथे उद्धट समजलं जातं आणि पुढचं बोलणं तुटकच होतं.

साधा बगेट, म्हणजे लांब दांडीसारखा पाव, मागण्याऐवजी ‘युन त्रादिस्यों, सिल वू प्ले’ म्हणा. त्रादिस्यों हा १९९३ च्या सरकारी आदेशाने ठरवून दिलेला प्रकार आहे: गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. टिकाऊपणासाठीची रसायनं नाहीत, गोठवणं नाही. साध्या बगेटपेक्षा थोडा महाग पडतो, पण चव आणि टिकणं दोन्ही वरचढ. कडक भाजलेला हवा असेल तर ‘ब्यां क्वीत’, मऊ हवा असेल तर ‘पा त्रो क्वीत’. एकट्याला अख्खा संपत नाही, म्हणून ‘दमी’, म्हणजे अर्धा मागा. बहुतेक दुकानं बिनतक्रार कापून देतात.

अंडं न खाणाऱ्यांसाठी: बगेटमध्ये अंडं, दूध, लोणी काहीच नसतं. ब्रियोश या गोडसर पावात अंडं असतंच आणि क्रुआसाँला भाजण्याआधी वरून बहुतेक ठिकाणी अंड्याचा हात फिरवलेला असतो.

दुसऱ्या दिवशी बगेट लाकडासारखा होतो. काही उपाय?

त्यात स्निग्धांश नसतो, म्हणून तो झटपट वाळतो. फ्रीजमध्ये ठेवाल तर आणखी लवकर शिळा होईल, कारण पावातला स्टार्च थंडाव्यात पटकन घट्ट होतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर वरचं कवच चिवट होतं. कापडात गुंडाळून बाहेर ठेवा. उरणारच आहे हे दिसत असेल तर आणल्या दिवशीच काप करून फ्रीजरमध्ये टाका, वाळल्यावर नाही.

आदल्या दिवशीचा पाव ताजा करायचा असेल तर कवचावरून ओला हात फिरवा आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवा. लगेच खा, अर्ध्या तासाने तो आधीपेक्षा कडक होईल. ओव्हन नसेल तर तवा, वर झाकण, मंद आच.

पारच वाळला असेल तर पां पेर्द्यु करा. दोन अंडी, पाव लिटर दूध, दोन मोठे चमचे साखर फेटून त्यात सहा-आठ काप प्रत्येक बाजूने एकेक मिनिट बुडवा आणि लोण्यावर मध्यम आचेवर भाजा. यासाठी पाव शिळाच हवा. ताजा पाव दुधात विरघळतो आणि तव्यावर त्याचा लगदा होतो.

आठवडी बाजारात कधी जावं आणि कसं वागावं?

बाजार सकाळचे असतात. साधारण आठला भरतात आणि एकच्या सुमारास आवरायला लागतात. बऱ्याच गावांत आठवड्याचे ठरलेले एक-दोन दिवसच असतात. पॅरिसचा आलीग्र बाजार आणि लियोंचा क्र्वा-रूस बाजार सोमवार सोडून रोज भरतो. शेवटच्या अर्ध्या तासात पिकलेली फळं, पालेभाज्या स्वस्त होतात, पण निवड उरत नाही.

भाजी आपल्या हाताने चाचपू नका. आपल्याकडे भेंडी मोडून बघतो तसं तिथे चालत नाही. त्याऐवजी विक्रेत्याला सांगा की कधी खायचंय: ‘पूर स स्वार’ म्हणजे आज संध्याकाळसाठी, ‘पूर दमां’ म्हणजे उद्यासाठी. मग तो खरबूज हातात घेतो, देठाजवळ दाबतो, वास घेतो, बाजूला ठेवून दुसरं उचलतो. हे काम त्याला आपल्यापेक्षा चांगलं येतं आणि विचारलेलं त्याला आवडतं.

पाटीवरचा भाव किलोचा आहे, नगाचा आहे की जुडीचा, ते वाचून घ्या. माल कुठल्या देशातला ते लिहिणं बंधनकारक आहे, तेही बघा. ज्याच्या पाटीवर ‘प्रोद्युक्तर’ लिहिलेलं असतं तो स्वतः पिकवणारा. मोसम पाळला तर खर्च निम्म्यावर येऊ शकतो: एप्रिल ते जून शतावरीचे कोंब आणि स्ट्रॉबेरी, जुलै ते सप्टेंबर टोमॅटो, वांगी, झुकिनी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लोरेन भागातली पिवळी मिराबेल, नंतर भोपळे, चेस्टनट, आणि थंडीभर प्वारो (लीक), गाजर, कोबी. जानेवारीतला टोमॅटो दिसायला लालभडक, चवीला पाणी. त्या दिवसांत डब्यातला सोललेला टोमॅटो रस्सा करायला केव्हाही बरा.

तिथे डाळ-उसळीच्या जागी काय खातात?

मसूर, वाटाण्याची डाळ, पांढरे घेवडे, काबुली चणे. सुपरमार्केटात हे तांदळाच्या शेजारी मिळतात आणि भारतीय दुकानात जायची गरज पडत नाही.

यातली सगळ्यात गुणी वस्तू म्हणजे ल प्वीची हिरवी मसूर. ओव्हेर्न्यच्या ज्वालामुखीच्या मातीत पिकणारी, काळपट हिरवी, बारीक ठिपक्यांची. तिला १९९६ पासून भौगोलिक ओळखीचं संरक्षण आहे. हिचं वैशिष्ट्य म्हणजे साल पातळ, तरी शिजल्यावर दाणा अख्खा राहतो. भिजवावी लागत नाही.

चार जणांसाठी २५० ग्रॅम मसूर धुऊन तिच्या तिप्पट थंड पाण्यात घाला. एक गाजर, दोन लवंगा टोचलेला एक कांदा, तमालपत्रासारखं तिथलं लॉरेलचं पान आणि थाइमची काडी टाका. उकळी आली की आच एकदम कमी. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. खळखळ उकळलं की साली सुटतात आणि दाणे फुटतात. वीस ते पंचवीस मिनिटं पुरतात. मीठ शेवटी.

निथळून गरम असतानाच विनेग्रेत घाला, कारण थंड दाणा मसाला शोषत नाही. विनेग्रेतचा क्रमही महत्त्वाचा: एक मोठा चमचा व्हिनेगर, त्यात मीठ विरघळवा (तेलात मीठ विरघळत नाही), मग एक छोटा चमचा दिजों मोहरी (मोहरीची तयार पेस्ट), शेवटी तीन मोठे चमचे तेल थोडं थोडं घालत फेटा. बारीक चिरलेला एशालोत कांदा, पार्स्ली, वर उकडलेलं अंडं किंवा पावावर भाजलेलं बकरीच्या दुधाचं चीज. पोटभर जेवण होतं.

फोडणीच घालायची असेल तर हीच मसूर आमटीसाठी घेऊ नका, ती मिळून येत नाही. त्यासाठी ‘लांतीय कोराय’, म्हणजे आपली लाल मसूर डाळ घ्या.

कडधान्यं तासभर शिजवूनही टणक राहतात. का?

बहुतेकदा दोष पाण्याचा असतो. पॅरिसच्या परिसरात आणि उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी नळाचं पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट करतं. चणे-राजमा भिजवताना आणि शिजवताना लिटरमागे पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. तो किराण्यात ‘बिकार्बोनात आलिमांतेर’ नावाने मिळतो. साफसफाईचा सोडाही तशाच खोक्यात असतो, म्हणून ‘आलिमांतेर’ शब्द वाचूनच घ्या. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर हे दाणे शिजल्यानंतरच.

दुसरं कारण म्हणजे जुना माल. पाकिटावरची तारीख उलटली नसली तरी वर्षभर पडून राहिलेले चणे हट्टी होतात.

पाणी पिण्याचं म्हणाल तर नळाचं पाणी सरळ प्यावं. जड असलं तरी सुरक्षित आहे.

घरून कुकर न्यावा का?

शेगडी कुठली आहे ते आधी विचारा. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत इंडक्शन बरंच आढळतं आणि त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. लोहचुंबक बुडाला चिकटला तरच भांडं चालेल. न्यायचाच तर इंडक्शन चालणारा स्टीलचा न्या.

तिथला ‘कोकोत-मिन्युत’ १९५३ पासून फ्रेंच घरांत आहे, पण तो शिट्ट्या देत नाही. झडपेतून वाफ सतत फुसफुसायला लागली की आच कमी करायची आणि तिथून मिनिटं मोजायची. ‘तीन शिट्ट्या’ म्हणजे साधारण दहा मिनिटं धरा आणि पुढे आपल्या अंदाजाने बदला.

रात्रीचं सगळ्यात सोपं जेवण कोणतं?

प्वारो-बटाट्याचं सूप, पाव आणि चीजचा तुकडा. थंडीत असंख्य घरांत हेच असतं.

प्वारो म्हणजे जाड, लांब, पांढऱ्या बुडाचा, पातीच्या कांद्याच्या घराण्यातला. त्याच्या थरांत माती अडकलेली असते आणि सूप कचकचण्याचं कारण तेच. हिरव्या टोकाकडून उभी चीर द्या, मुळाकडचा भाग जोडलेला राहू द्या आणि पंख्यासारखा उघडून नळाखाली धरा. मग मूळ कापा.

तीन प्वारो चकत्या करून २० ग्रॅम लोण्यावर झाकून दहा मिनिटं मऊ करा, तांबूस होऊ देऊ नका. ४०० ग्रॅम बटाट्याच्या फोडी, एक लिटर पाणी, मीठ. वीस-पंचवीस मिनिटं. ब्लेंडर दोन-तीन वेळा फिरवून थांबा. जास्त फिरवलं की बटाट्यातला स्टार्च सुटून खळ होते. मिरपूड मात्र सढळ हाताने.

यात भाजी बदलत राहा: भोपळा, गाजर, कोबी. हिरव्या वाटाण्याच्या डाळीचं, म्हणजे प्वा कासेचं सूपही असंच होतं, फक्त पाणी जास्त आणि वेळ पाऊण तास.

बटाट्यांच्या जाळीवर वेगवेगळी नावं असतात. कुठला घ्यावा?

वापर पाकिटावरच लिहिलेला असतो. ‘शेर फेर्म’, म्हणजे घट्ट गराचे शार्लोत, आमांदीन, रात हे उकडून अख्खे राहतात: काचऱ्या, रस्साभाजी, सॅलड. ‘प्युरे, फ्रीत’ लिहिलेले बिंत्जसारखे पिठूळ: बटाटेवडा, पराठा, सूप. उलट घेतला तर वड्याचं सारण चिकट होतं आणि रस्सा गिजका.

ओव्हन असेल तर ग्रातां दोफिन्वा एकदा कराच. एक किलो बटाट्याच्या तीन मिलिमीटर जाड चकत्या, अर्धा लिटर पूर्ण स्निग्धांशाचं दूध, पाव लिटर मलई, लसूण, मीठ, जायफळ. चकत्या कापल्यावर धुऊ नका, सुटणारा स्टार्चच दुधाला दाट करतो. दुधात दहा मिनिटं उकळा, भांड्यात पसरा, १६० अंशांवर तासभर. मूळ पाककृतीत चीज नाही.

शाकाहारी आहे. बाहेर खाताना कुठे फसायला होतं?

पदार्थाचं नाव भाजीचं आणि आत मांस, असं वारंवार घडतं. सगळ्यात जास्त आढळतात ते लार्दों, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे: किश लोरेन, तार्त फ्लांबे, सॅलड, कधी फरसबीतही. कांद्याच्या सुपात बीफचा रस असतो. सॅलाद निस्वाझमध्ये ट्यूना आणि अँचोव्ही मासे. ऑलिव्हच्या तापनाद चटणीत अँचोव्ही. उत्तर फ्रान्समध्ये बटाट्याचे फ्रीत बीफच्या चरबीत तळायची पद्धत आहे. मूस, थरांची गोड पेस्ट्री आणि गोळ्यांत जिलेटिन असू शकतं. मद्य टाळत असाल तर फाँद्यू सावोयार्द या वितळलेल्या चीजच्या पदार्थात पांढरी वाईन, ‘कानले’ आणि ‘बाबा’ या गोड पदार्थांत रम आहे हे लक्षात ठेवा.

‘ज स्वी वेजेतारियां’ म्हणून थांबू नका, काहीजण त्यात मासे धरतात. पूर्ण वाक्य म्हणा: ‘ज न मांज नी व्यांद, नी प्वासों’, म्हणजे मांसही नाही, मासेही नाहीत. आणि पुढे विचारा: ‘इल या दे लार्दों?’, म्हणजे यात लार्दों आहेत का. अंडी खात नसाल तर ‘नी अ’ (अंड्यांचं अनेकवचन) जोडा, आणि तरीही लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. उच्चारापेक्षा ती भरवशाची.

मग प्रांताप्रांतांतलं काय निर्धास्त खाता येईल?

ब्रिटनीची गालेत आधी. ही साराझांच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाची. मूळ पिठात फक्त पीठ, पाणी, मीठ, आणि तव्यावर ती आपल्या घावनासारखीच पसरते. क्रेपरीत, म्हणजे गालेतच्या खानावळीत, ‘कोंप्लेत’ मागितली तर अंडं, चीज, हॅम येतं, म्हणून ‘सां जांबों’ (हॅमशिवाय) सांगा. मशरूम-चीजची, पालक-बकरीच्या चीजची मिळतेच. घरी करायची तर २५० ग्रॅम पीठ, साधारण ६०० मिलि पाणी, छोटा चमचाभर मीठ. पाणी थोडं थोडं घालत पाच मिनिटं जोराने फेटा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. कुट्टूत ग्लुटेन नाही, त्यामुळे तवा पुरेसा तापला नसेल तर उलटताना फाटणारच. कड आपोआप सुटेपर्यंत हात लावू नका. ग्लुटेनची खरी ॲलर्जी असेल तर मात्र विचारा, काही ठिकाणी गव्हाचं पीठ मिसळतात किंवा तवा एकच असतो.

नीसची सोका म्हणजे चण्याच्या पिठाची पातळ, मोठ्या थाळ्यात भट्टीत भाजलेली. २५० ग्रॅम पीठ, अर्धा लिटर पाणी, तीन चमचे ऑलिव्ह तेल, मीठ. दोन तास ठेवा, तापलेल्या तेलाच्या थाळ्यात दोन-तीन मिलिमीटर जाड ओता, ओव्हन असेल तितका कडक तापवा. वरून डाग पडले की काढा, भरपूर मिरपूड घाला. भारतीय बेसन चालतं, ते बारीक दळलेलं असतं म्हणून पाणी थोडं कमी. सोका गार झाली की चामट होते, तेव्हा उभ्या उभ्याच खायची.

वांदे भागातल्या ‘मोजेत’ नावाच्या पांढऱ्या घेवड्यांचा प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो: भाजलेल्या पावावर लसूण घासायची, लोणी लावायचं, वर गरम मोजेत. बाहेर खाताना मात्र विचारा, मोजेत अनेकदा हॅमबरोबर येतात.

रातातुय सगळीकडे मिळतं, पण चांगलं क्वचित. वांगी, झुकिनी, सिमला मिरची, टोमॅटो एकदम टाकले की पाणी सुटून खिचका होतो. प्रत्येक भाजी वेगळी परतून शेवटी एकत्र मंद आचेवर ठेवा. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

चीज शाकाहारी असतं का?

दूध नासवण्यासाठी वापरलेलं प्रेझ्युर, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट, अनेक पारंपरिक चीजमध्ये असतं. कोंतेमध्ये तर ते नियमानेच. हे चालत नसेल तर वेष्टनावर सूक्ष्मजीवजन्य किंवा वनस्पतिजन्य कोआग्युलां लिहिलेलं शोधा. नुसतं ‘प्रेझ्युर’ लिहिलं असेल तर प्राणिजन्य धरा. साधं दही, ‘याउर्त नात्युर’, निर्धास्त.

खाणार असाल तर कापून देणाऱ्या दुकानातून १५० ग्रॅमचा तुकडा घ्या आणि खाण्याआधी तासभर बाहेर ठेवा. फ्रीजमधून काढलेल्या चीजला चव नसते. गरोदर बाईने आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी कच्च्या दुधाचं, ‘ले क्र्यु’ लिहिलेलं चीज टाळावं. कोंतेसारखं कडक, शिजवून दाबलेलं चालतं.

दही, तूप?

दुधाच्या बाटलीचं झाकण लाल म्हणजे पूर्ण स्निग्धांश, निळं अर्धा, हिरवं साय काढलेलं. लालच घ्या. दूध सोसवेल इतकं गरम, साधारण ४३-४५ अंश, लिटरला निम्मी वाटी याउर्त. आठ तास बंद ओव्हनमध्ये, दिवा लावून. ‘याउर्त’ नाव लावायला जिवंत जिवाणू कायद्यानेच लागतात, त्यामुळे विरजण फुकट जात नाही. पनीरसाठी यूएचटी (फ्रीजबाहेर टिकणारं) दूध घेऊ नका, चोथा धरत नाही. दुकानातल्या फ्रीजमधलं ‘ले फ्रे’, म्हणजे ताजं दूध घ्या.

तुपासाठी ‘बर दू’, बिनमिठाचं लोणी. ‘दमी-सेल’ खारट असतं, कढवलं की मीठ बुडाशी बसतं आणि करपतं.

तिखटाशिवाय घास उतरत नाही.

कुठल्याही सुपरमार्केटात हारीसाची, म्हणजे तिखट मिरचीच्या चटणीची ट्यूब मिळते. बास्क प्रांतातली एस्पेलेतची मिरची सुवासिक आहे पण सौम्य. तिच्याकडून झणझणीतपणाची अपेक्षा नको, अंड्यावर किंवा सुपावर भुरभुरा. कढीपत्ता, गोडा मसाल्याचं साहित्य पॅरिसमध्ये ला शापेल भागातल्या श्रीलंकन-तमिळ दुकानांत मिळतं. आणि रवा हवा असेल तर ‘समूल फीन’. उपमा होतो, शिरा थोडा दाणेदार होतो.

घरून काय न्यावं?

कोरडे मसाले, हिंग. तूप, पेढे, खवा, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ युरोपियन युनियनच्या बाहेरून प्रवाशाला आणता येत नाही. ताजा कढीपत्ता, आंबे यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर हे जप्त होतं.

हॉटेलात कमी खर्चात कसं जेवावं?

दुपारी जेवा. ‘प्ला द्यु जूर’ (त्या दिवसाचा खास पदार्थ) किंवा दोन पदार्थांची ‘फॉर्म्युल’ रात्रीपेक्षा बरीच स्वस्त असते. वेळ बारा ते दोन. अडीचला गेलात तर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद. पाणी ‘युन काराफ दो’ म्हणून मागा, ते जेवणासोबत फुकट असतं, तसा पावही. नुसतं ‘दलो’ म्हटलं तर बाटली येते आणि बिलात लागते. सेवाशुल्क किमतीत धरलेलं असतं, बक्षिसी ऐच्छिक. उरलेलं बांधून मागायला संकोच करू नका, जुलै २०२१ पासून ते देणं बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचं ‘रेस्तो यू’ सोडू नये, गरम जेवण इतक्या कमी दरात दुसरीकडे नाही.

पाकिटावर दोन प्रकारच्या तारखा असतात. फरक काय?

‘आ कोंसोमे जुस्को’ ही शेवटची तारीख, त्यानंतर टाका. ‘द प्रेफेरांस आवां’ म्हणजे त्यापुढे चव उतरेल, पण डाळ, पीठ, बिस्किटं खाता येतात.

मुलं शाळेत काय खातील?

शाळांच्या कँटीनमध्ये आठवड्यातून किमान एक शाकाहारी जेवण देणं कायद्याने आवश्यक आहे, पण त्यात अंडी असू शकतात. बाकी दिवसांसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच नगरपालिकेच्या कँटीन विभागाला लेखी कळवा आणि आठवड्याचं जेवणपत्रक बघत जा. साडेचारच्या सुमारास शाळा सुटल्यावर मुलं ‘गुते’ खातात: पावाचा तुकडा, त्यात चॉकलेटच्या दोन-तीन वड्या, एक फळ. हे डब्यात न्यायला सोपं आहे आणि वर्गातल्या सगळ्यांच्या हातात तेच असतं.